प्रयोगशाळेतला लेप वाळूजच्या टाकीत उतरवताना

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात साचलंय, आज सविस्तर लिहिते. आपल्या भागातल्या विद्यापीठांतून, कॉलेजांतून पदार्थविज्ञानावर इतकं काम होतं: फेराइट (लोहाची चुंबकीय ऑक्साइडं), पातळ फिल्म, नॅनो पावडर, लेप. आणि त्याच शहरांच्या कडेला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना या औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. मग एकाचा माल दुसऱ्याकडे का पोचत नाही? माझ्यापुरतं उत्तर मला थोडंफार सापडलंय, ते मांडते. तुमचे अनुभव हवेत.

माझी पीएचडी रसायनशास्त्रात. विषय होता झिंक प्लेटिंगवर द्यायचा सिलिकाचा पातळ लेप, सोल-जेल पद्धतीचा, म्हणजे द्रावणातले कण एकमेकांना जोडले जाऊन घट्ट थर बनतो तो. ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लोखंडी बोल्टवर झिंक चढवतात, झिंक लवकर पांढरं पडू नये म्हणून त्यावर पॅसिव्हेशन, म्हणजे रसायनाचा पातळ संरक्षक थर, करतात. पूर्वी हे पॅसिव्हेशन हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं असायचं, पिवळसर सोनेरी झाक असलेलं. स्वस्त, ओरखडा पडला तरी स्वतःच सावरणारं, पण कर्करोगकारक. युरोपने गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ते बंद केल्यावर जगभरच्या वाहन कंपन्या ट्रायव्हॅलंटकडे, म्हणजे क्रोमियमच्या कमी घातक रूपाकडे, वळल्या. ट्रायव्हॅलंटवर तितकाच टिकाव हवा असेल तर वरून आणखी एक थर द्यावा लागतो. माझा लेप तो वरचा थर.

प्रयोगशाळेत तो उत्तम जमला. पाच बाय पाच सेंटीमीटरचा पत्रा, २०० मिलीचा बीकर, डिस्टिल्ड वॉटर, एआर ग्रेडचं (प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध) इथेनॉल, एसी खोली, ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर. सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे ५ टक्के मिठाच्या धुक्यात ३५ अंशांवर, माझे तुकडे साध्या तुकड्यांच्या कितीतरी पुढे गेले. दोन शोधनिबंध छापून आले. मला वाटलं, आता फक्त कोणीतरी घ्यायचं बाकी आहे.

वाळूजच्या एका प्लेटिंगवाल्या काकांनी तयारी दाखवली. ६० लिटरची टाकी, एप्रिल महिना. पहिल्या दिवशीचा लॉट बरा निघाला. दुसऱ्या दिवशीही बरा. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीवरचे मामा म्हणाले, "मॅडम, ह्याला तार यायलीय बघा. पाक झालाय ह्याचा." त्यांनी हातमोजा घातलेलं बोट द्रावणात बुडवून अंगठ्याशी चिमटलं आणि हळूच उघडलं. खरंच बारीक तार होती, गुलाबजामाच्या पाकाला येते तशी. चौथ्या दिवशी टाकीत जेली. ६० लिटर जेली काय करायची हे कुठल्याच निबंधात नसतं. आम्ही दोघांनी ती खरवडून ड्रममध्ये भरली आणि घातक कचऱ्याच्या वहीत तिची नोंद केली.

कारणं शोधायला महिना गेला. पत्र्याच्या शेडखाली दुपारी ४२ अंश. सोल-जेलमधली जोडणीची क्रिया उष्णतेने झपाट्याने वाढते, हे मी स्वतः प्रबंधात लिहिलं होतं, २५ अंशांवर मोजून. दुसरं कारण, आधीच्या रिन्समधून (धुण्याच्या टाकीतून) बोल्टांची टोपली निथळताना पाणी सोबत घेऊन येत होती. ट्रायव्हॅलंटच्या टाकीतून तीनशे बोल्ट उचलले की त्यांच्या आट्यांमध्ये केवढं पाणी अडकतं, याचा मी विचारच केला नव्हता. सपाट पत्र्याला आटे नसतात. तिसरं कारण सगळ्यांत चिवट निघालं. द्रावण आम्लधर्मी, त्यात झिंक थोडं थोडं विरघळतं, आम्ल खर्ची पडतं, पीएच वर सरकतो आणि जोडणी आणखी वेगाने होते. बीकरमध्ये मी दर तुकड्याला नवं द्रावण घेत होते. टाकी जुनी होते, बीकर जुना होत नाही.

आणि पाणी. ते बोअरचं पाणी वापरत होते, कारण उन्हाळ्यात एमआयडीसीचं पाणी कमी दाबाने यायचं. आपल्याकडचं बोअरचं पाणी कसं असतं ते घरच्या गीझरची कॉइल उघडून पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. शेवटच्या रिन्समधले क्षार झिंकवर वाळतात, आणि लेप त्यांच्यावर बसतो. काही बोल्ट सॉल्ट स्प्रेत ठिपक्याठिपक्यांनी गेले, तेव्हा ठिपक्यांची जागा आणि पाण्याच्या थेंबांची जागा एकच निघाली.

पुढची अडचण तर मी कधी मोजलीच नव्हती. गिऱ्हाईक कंपनीचे क्वालिटीचे साहेब आले. बोल्ट हातात घेऊन त्यांनी गंजाबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाले, "टॉर्क किती लागतो?" लेपाने घर्षण बदललं की तेवढ्याच टॉर्कला, म्हणजे पान्याच्या पिळाच्या जोराला, बोल्ट कमी किंवा जास्त ताणला जातो. असेंब्लीच्या लाइनवर पाना ठरावीक टॉर्कला सेट असतो. म्हणजे माझा लेप कितीही टिकाऊ असला तरी घर्षण गुणांक त्यांच्या पट्ट्यात बसला नाही तर तो निरुपयोगी. वर ॲलन बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत लेप साचून राहिला आणि चावी बसेना. साडेचार वर्षांत मी एकदाही बोल्टला लेप दिला नव्हता!

काकांचा प्रश्न अगदी साधा होता. "पोरी, किलोला किती पडेल?" प्लेटिंगचा हिशेब किलोवर चालतो, माझा चौरस सेंटीमीटरवर. एम ६ चे बोल्ट किलोभर घेतले तर त्यांचं पृष्ठफळ एम १२ च्या किलोभर बोल्टांपेक्षा कितीतरी जास्त भरतं, म्हणून दर प्रत्येक आकाराला वेगळा. तो तक्ता आम्ही दोघांनी एका रात्री बसून केला. आजवरच्या माझ्या कामातलं ते सगळ्यांत उपयोगी पान आहे असं मला मनापासून वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की बीकर आणि ५०० लिटरची टाकी यांच्यामध्ये जो ६० लिटरचा टप्पा आहे, त्याला आपल्याकडे कोणी वाली नाही. विद्यापीठाला त्यात नवा निबंध दिसत नाही, कारखान्याला त्यात उत्पादन दिसत नाही. तो टप्पा कोणी, कुठे, कुणाच्या पैशाने करायचा? तुमच्याकडे कसं होतं?


टाकीवाला

ताई, फार प्रामाणिक लिहिलंत. माझा प्लेटिंगचा धंदा आहे, बावीस वर्षं झाली. आमची बाजू सांगतो.

आमच्याकडे नवं रसायन येतं ते मोठ्या केमिकल कंपनीच्या डीलरकडून. ते चांगलं असतं म्हणून नाही घेत. त्यांचा सर्व्हिस इंजिनिअर ठरलेल्या वारी येतो, टाकीतून नमुना नेतो, हल सेल (प्लेटिंगची छोटी चाचणी) लावतो, संध्याकाळी फोन करून सांगतो की ब्राइटनर इतके मिली टाका, क्लोराइड इतकं कमी आहे. रात्री अकराला माल काळा यायला लागला तरी तो फोन उचलतो. आम्ही पैसे त्या फोनचे देतो. संशोधक मंडळी आमच्याकडे रिपोर्ट घेऊन येतात. रिपोर्ट खरा असतो, पण रात्री अकराला कोणाला उठवायचं?

दुसरं असं की गाडीच्या पार्टवर लेप बदलायचा म्हणजे पीपीएपी, म्हणजे गिऱ्हाइकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची प्रक्रिया, परत करायचं. सलग किमान ३०० नगांचं प्रॉडक्शन रन, सगळी मापं, प्रक्रिया क्षमतेचे आकडे, कंट्रोल प्लॅन, आणि गिऱ्हाइकाची सही. सीपीके (माल किती एकसारखा निघतो त्याचा आकडा) १.६७ च्या वर दाखवा म्हणतात. तुमच्या लेपाची सरासरी जाडी कितीही छान असली तरी नगानगात फरक असला की गेलं. बॅरलमध्ये किंवा टोपलीत माल एकमेकांना चिकटून असतो, चिकटलेल्या जागी लेप जात नाही. तुमचा पत्रा एकटा लटकलेला होता.

एक विचारतो. इथेनॉलचं काय केलंत? आमच्या शेडमध्ये मी ६० लिटरसुद्धा ठेवू देणार नाही.


गोदाकाठची

टाकीवाले काका, बरोबर जागी बोट ठेवलंत. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, १३ अंशांच्या आसपास, आपल्याकडे डिसेंबरातल्या दुपारीही हवा त्याच्या वर असते. शेजारी रेक्टिफायरची (प्लेटिंगला वीज पुरवणाऱ्या यंत्राची) ठिणगी. शिवाय स्पिरिट एवढ्या प्रमाणात ठेवायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी. पहिल्या ट्रायलला आम्ही धोका पत्करला, तो पत्करायला नको होता. दुसऱ्या आवृत्तीत मी पाण्यावर आले: सिलेन (सिलिकॉनचं संयुग) आधीच पाण्यात मुरवून घेतलेलं आणि सोबत कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकाचे बारीक कण. सॉल्ट स्प्रेचे तास थोडे कमी झाले. निबंधासाठी हा उतार आहे, तुमच्या शेडसाठी मात्र हीच खरी पहिली आवृत्ती.

तार येण्याचं मापही आता ठरवलंय. मामांच्या बोटाला जे कळलं ते आम्ही फोर्ड कप ४ ने (तळाला भोक असलेल्या कपातून द्रावण किती वेळात गळतं त्यावरून) सेकंदांत मोजतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो. मामा अजूनही आधी बोट लावतात, मग कप. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.


जालनेकर

मी जालन्याचा, भट्टी आणि रोलिंग मिलवर उमर गेली. लेपातलं मला कळत नाही, पण ताई सांगतात ते आमच्याकडं सळईत तसंच हाय.

टीएमटी सळईची पद्धत मूळची बेल्जियमची, टेम्पकोर म्हणून सत्तरच्या दशकात तिथल्या धातू संशोधन केंद्रानं काढलेली. लालबुंद सळई शेवटच्या स्टँडमधून (लाटणाऱ्या रोलमधून) निघाली की पाण्याच्या पेटीतून जाते. बाहेरची साल झटक्यात थंड होऊन कडक बनते, आतली उष्णता मग बाहेर येऊन त्या सालीला मऊपणा देते. बाहेर कडक, आत लवचीक. कागदावर किती सोपं! पण पेटीतलं पाणी तळ्यातून फिरून येतं. मे महिन्यात तळंच तापतं, तेवढ्याच दाबाला साल पातळ पडते. आम्ही दर पाळीला सळईचा तुकडा कापतो, घासतो, नायटलमध्ये (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात) बुडवतो. कडा काळी होऊन कडं दिसतं. कडं चारी बाजूंनी सारखं नसलं तर समजायचं की पेटीचं एखादं तोंड चोंदलंय.

एक तरुण इंजिनिअर आला होता, चांगला पोरगा, कॉलेजातलं गणित घेऊन. पाण्याचा दाब किती, सळईचा वेग किती, सगळं सूत्रात बसवलेलं. त्याच्या सूत्रात भंगार नव्हतं. आमची इंडक्शन भट्टी, अस्तर सिलिकाच्या रॅमिंग मासचं (ठोकून बसवलेल्या पुडीचं), त्यात फॉस्फरस निघत नाही. जे भंगारात आलं ते सळईत आलं. तांबं तर निघतच नाही. आयएस १७८६ या सळईच्या मानकात एफई ५०० डी या प्रतीला गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हणून आमची खरी लढाई भंगाराच्या यार्डात होते, पाण्याच्या पेटीपाशी नाही. त्या पोराला मी तीन दिवस यार्डात उभं केलं. क्रेनवाल्याबरोबर. चौथ्या दिवशी त्यानं सूत्र बदलून आणलं, प्रत्येक हीटचं (भट्टीच्या घाण्याचं) स्पेक्ट्रो, म्हणजे त्यात काय काय किती आहे त्याची तपासणी, बघून दाब ठरवायचं. ते आजही चालू हाय.

माझं म्हणणं, शिकलेल्या माणसानं पहिले तीन दिवस काही बोलू नये, नुसतं उभं राहावं.


प्रयोगवही

मी शिकवतो, त्यामुळे विद्यापीठाच्या बाजूच्या एक-दोन गोष्टी लिहितो.

गोदाकाठची यांनी दोन निबंध आधी छापले. आपल्याकडे बहुतेक सगळे हेच करतात, कारण पदवीला आणि बढतीला निबंध लागतो. पण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे शोध अर्जाच्या तारखेपर्यंत नवा असावा लागतो, आणि आपलाच छापलेला निबंध आपल्याच अर्जाला आडवा येऊ शकतो. निबंध पाठवायच्या आधी प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज टाकता येतो, मग पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आता पहिल्या वर्षीच सांगतो. आधीच्या काही जणांना वेळेवर सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तरीही पेटंट म्हणजे तंत्रज्ञान नव्हे. लिथियम-आयन बॅटरी घ्या. कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड (धन टोक) ऑक्सफर्डमध्ये गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये दाखवला. जपानच्या योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनचा ॲनोड (ऋण टोक) घालून आजच्या धर्तीचा सेल बनवला. बाजारात सोनीने आणला १९९१ मध्ये. या अकरा वर्षांत मूळ पदार्थ तोच होता. सोनीकडे कॅसेटच्या टेपवर चुंबकीय पावडरचा पातळ, एकसारखा थर देण्याचं कसब आणि यंत्रं होती, ती इलेक्ट्रोड बनवायला उपयोगी पडली. पदार्थ ब्रिटनमध्ये सापडला, तो थापायचा कसा हे टेपवाल्यांना ठाऊक होतं. आपल्याकडचे टेपवाले कोण, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्या बाबतीत ते टाकीवरचे मामा आहेत.

मधल्या टप्प्याच्या वालीबद्दल: प्लेटिंगसाठी कराईकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे, लेपांसाठी हैदराबादची एआरसीआय ही संशोधन संस्था आहे. तिथले लोक नमुन्याच्या पलीकडे जाऊन काम करतात, पत्र लिहा. पण वाळूजचं पाणी आणि वाळूजचं ऊन कराईकुडीत मिळणार नाही. शेवटची ट्रायल इथेच व्हावी लागेल.


नांदेडची मुलगी

मी एम.एस्सी. नंतर नांदेडला पीएचडीला लागले आहे, पहिलंच वर्ष. विषय फेराइटवर आधारित गॅस सेन्सर. हे सगळं वाचून पोटात गोळा आला, खरं सांगते. माझ्याकडे कुठलाही कारखाना नाही, गाइड सरांकडेही तशी ओळख नाही. मी आत्ता, प्रयोगशाळेतच, काय वेगळं करू शकते?


गोदाकाठची

घाबरू नकोस ग. तू पहिल्या वर्षात आहेस हेच भाग्य, मला हे सहाव्या वर्षी कळलं.

एक बॅच एआर ग्रेडच्या नायट्रेटांची करतेस ना? तीच बॅच एकदा कमर्शियल ग्रेडची कर. कुठली अशुद्धी तुझा सेन्सर मारते हे कळेल. धुवायला एकदा डिस्टिल्डऐवजी नळाचं पाणी घे. तुझा गॅस चेंबर हवेतल्या ओलाव्याशी ताडून बघ: नांदेडचा ऑगस्ट आणि नांदेडचा एप्रिल या दोन टोकांवर. फेराइट सेन्सरला पाण्याची वाफही जाणवते, त्यामुळे कोरड्या हवेत मोजलेला प्रतिसाद बाहेर तसाच मिळेल असं धरू नकोस. एकच पेलेट (पावडर दाबून केलेली वडी) तीस दिवस रोज मोज. निबंधात सगळे पहिल्या दिवसाचा आलेख छापतात, विकत घेणारा मात्र शंभराव्या दिवसाचं विचारतो.

आणि बिघडलेल्या बॅच टाकून देऊ नकोस. तारीख, तापमान, बाटलीचा लॉट नंबर लिहून डबीत ठेव. माझ्या ठेवलेल्या असत्या तर उन्हाळ्यात केलेली द्रावणं लवकर घट्ट होतात हे मला वाळूजला जायच्या तीन वर्षं आधीच दिसलं असतं. एसी बंद पडलेल्या आठवड्यात माझी तीन द्रावणं जेली झाली होती. मी ती ओतून दिली आणि वहीत लिहिलं, "पुन्हा केले."


परळीकडचा

आमच्या राखेची गोष्ट इथे बसते म्हणून लिहितो. औष्णिक केंद्राच्या फ्लाय ॲशपासून अल्कलीने घट्ट होणाऱ्या, म्हणजे जिओपॉलिमरच्या विटा, भट्टीत न भाजता. माझ्या मित्राचा एम.टेक.चा विषय होता, आम्ही दोघांनी मिळून पाचशे विटा पाडल्या. पहिल्या शंभर दगडासारख्या. पुढच्या शंभरांतल्या काही हाताने फुटल्या.

राख एक नसते, हे आम्हाला तेव्हा कळलं. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत पुढच्या कप्प्यात जाडसर राख पडते, मागच्या कप्प्यांत बारीक. बारीक राख लवकर घट्ट होते. प्रयोगशाळेतलं पोतं मागच्या कप्प्याचं होतं, आम्हाला ट्रकने मिळाली ती मिसळ. कोळसा बदलला की राखेचा रंगही बदलायचा. पण धंदा बसला तो वेगळ्याच कारणाने. कॉस्टिक आणि सोडियम सिलिकेटचा भाव विटेला परवडेना. आणि २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संचच बंद पडले. ज्या मालावर संशोधन उभं केलं तोच यायचा थांबला. तळ्यातली जुनी ओली राख काढून बघितली, ती भरडी आणि भिजलेली, आमच्या प्रमाणात बसेना.

आता मी साध्या राख-सिमेंटच्या विटा करतो, त्यांवर घर चालतं. पण तो पहिल्या शंभरांतला एक नग अजून ऑफिसच्या दारात आहे, दरवाजा अडवायला. दहा वर्षांत कोपरा गेला नाही त्याचा. मला तो विषय सोडवत नाही. ट्रक आला की राख चाळून, वर्ग पाडून ठेवणारी छोटी सोय तालुक्यात असती तर पुन्हा केलं असतं.


टाकीवाला

परळीकरांचं वाचून मन हललं.

गोदाकाठची ताई, एक ठरवलंय. माझ्याकडे जुन्या निकेल लाइनची ८० लिटरची पीपीची (प्लॅस्टिकची) टाकी पडून आहे. तिच्यात टायटॅनियमची कॉइल आहे, पूर्वी गरम पाणी फिरवायचो, आता चिलरचं पाणी फिरवता येईल. द्रावण २५ च्या आत राहील. सेंट्रिफ्यूजही आहे. पॅसिव्हेशननंतर माल फिरवून कोरडा करायचा, मगच तुमच्या टाकीत, म्हणजे पाण्याची ने-आण थांबेल. शेवटचा रिन्स डीएमच्या (क्षार काढलेल्या) पाण्याचा देऊ. लाइनमधला माल देणार नाही, पण रिजेक्शनचे स्ट्रिप करून परत प्लेट केलेले बोल्ट देतो, एम ८, हवे तेवढे. पैसे नकोत. वही मात्र माझ्या ऑफिसात राहील, आणि तुमच्या मामांना दोन दिवस आमच्याकडे पाठवायला त्यांच्या मालकांना मी फोन करतो. ओळख आहे.

अट एकच, जून लागायच्या आत सुरू करायचं. पहिला पाऊस पडला की ऊन जातं, आणि आपल्याला तर उन्हातच बघायचंय.


गोदाकाठची

काका, काय लिहू. सोमवारी सकाळी साडेआठला फाटकावर येते. १० लिटर द्रावण मुरवून आणते, बाकी तिथेच बनवू म्हणजे बनवण्याची पद्धतही तुमच्या माणसांना कळेल. फोर्ड कप, पीएच मीटर, थर्मामीटर माझा. घर्षण मोजायची सोय शहरात कोणाकडे आहे का, बोल्ट तपासणीच्या लॅबचं कोणी सांगू शकेल? नसेल तर पुण्याला पाठवू, पण इथे असेल तर त्याच दिवशी आकडा मिळेल.

द्रावण चौथा दिवस ओलांडतं का, ते इथेच रोज रात्री लिहीन. सेकंद, पीएच, शेडचं तापमान.


जालनेकर

लिहा ताई. मी रोज बघतो.